साक्रीजवळचे दोन दिवसांचे जमीन-व्यवस्थापन शिबिर : एक अभिप्राय

अमळनेर तालुक्यातील आमच्या सहा एकर काळ्या रानात कापसाखेरीज फारसे काही होत नसल्याने मी दीड हजार रुपये शुल्क भरून या शिबिराला गेलो होतो. पहिल्याच सकाळी पाण्याने भरलेल्या दोन काचेच्या बरण्यांत दोन ढेकळे सोडण्यात आली. दरवर्षी नांगरलेल्या शेतातले ढेकूळ मिनिटभरात विरघळून पाणी गढूळ झाले, तर बांधावरच्या गवताखालचे ढेकूळ जेवणाच्या सुट्टीपर्यंत जवळजवळ जसेच्या तसे होते. कुजलेला काडीकचराच माती बांधून ठेवतो; त्यामुळे पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, पेटवून देणारे आम्ही सगळेच त्या बरणीकडे बघत गप्प बसलो.

झिम्बाब्वेच्या ॲलन सेव्हरी यांची नियोजित चराईची पद्धत (जनावरे एका जागी दाटीने थोडा वेळ चारून पुढे हलवायची, म्हणजे जमीन सुधारते) मात्र अर्ध्या तासात उरकण्यात आली आणि तिच्या दाव्यांबद्दल संशोधकांत मतभेद आहेत, हे कोणीही सांगितले नाही. धुळे जिल्ह्यात मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या ठेलारींपैकी एखाद्याला बोलावले असते तरी ही चर्चा जमिनीवर आली असती.

धोरणाचे सत्र सर्वांत सकस वाटले. ठिबकला अनुदान मिळते, मग काडीकचऱ्याने जमीन झाकण्याला, म्हणजे आच्छादनाला, का नाही, या प्रश्नावर ग्रामसभेच्या ठरावाचा मसुदा आमच्याकडूनच लिहून घेण्यात आला. चैत्राम पवार यांच्या बारीपाडा गावाने राखलेले जंगल जवळच असताना तिथली भेट ऐनवेळी रद्द झाली, याची हळहळ राहिली. जेवणातले कळण्याची भाकरी आणि भरीत मात्र चोख होते.