‘नवा’ कीबोर्ड आणि बोक्याचे केस

घरी येऊन लॅपटॉप आतून-बाहेरून साफ करून देतो, फक्त १९९ रुपये, अशी जाहिरात मोबाईलवर दिसली तर नंबर फिरवण्याआधी हे वाचा. मला या १९९ चे शेवटी ५,४०० पडले आणि त्या बदल्यात मिळाला माझाच जुना कीबोर्ड, पुसून.

माझं काम मराठी टंकलेखनाचं आणि मुद्रितशोधनाचं. घर नाशिकच्या इंदिरानगरला. समोर इमारतीचं बांधकाम, त्यात २०२७ च्या सिंहस्थाच्या नावाने ठिकठिकाणी रस्ते उकरलेले. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहावं इतकी धूळ. वर घरात पिंट्या नावाचा पिवळा बोका. लॅपटॉपची ऊब त्याला फार प्रिय. मी चहाला उठले की हा कीबोर्डवर पसरलेला. व्हायचं तेच झालं. ‘ज’ आणि ‘द’ या शेजारशेजारच्या कळा अडायला लागल्या. कधी उमटायच्याच नाहीत, कधी दोनदा उमटायच्या. ‘राजा’चं ‘राजजा’ झालेलं प्रूफ गिऱ्हाइकाला पाठवता येत नाही.

जाहिरातीतला माणूस सांगितलेल्या वेळेला आला, हे आधी कबूल करते. बोलणं गोड, इस्त्रीचा शर्ट, पाठीवर सॅक. माझ्यासमोरच खालचे स्क्रू काढले, ब्रश फिरवला आणि पंख्यापाशी अडकलेला केसांचा पुंजका चिमट्याने उचलून माझ्या नाकासमोर धरला. “बघा मॅडम. हे मदरबोर्डपर्यंत गेलंय. शॉर्ट मारतंय.” सगळा खेळ त्या पुंजक्यावर होता. आपल्याच घरातली घाण कुणी अशी समोर धरली की माणूस शरमतो आणि पुढचं विचारायचं राहून जातं. लॅपटॉप ‘वर्कशॉप’ला न्यावा लागेल म्हणाला. टेस्टिंगसाठी पासवर्डही मागत होता, तो मी दिला नाही.

संध्याकाळी फोन. मदरबोर्ड कसाबसा वाचवलाय, पण कीबोर्ड गेला, ओरिजिनल टाकतो, ५,४०० होतील, मघाचे १९९ माफ. हातातलं काम दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं, त्यामुळे घासाघीस न करता हो म्हटलं. लॅपटॉप आला तो चकाचक. कळांवरचे मराठी अक्षरांचे स्टिकर गायब, म्हणजे नवा कीबोर्ड, असं कुणालाही वाटावं. बिल म्हणून एक कोरा कागद आणि त्यावर पेनाने ‘कीबोर्ड चेंज ५४००’. ना पत्ता, ना जीएसटी नंबर, ना मॉडेलचं नाव. यूपीआयवर पैसे ज्या खात्यात गेले त्यावरचं नाव त्याने सांगितलेल्या नावापेक्षा वेगळंच.

थोड्याच दिवसांत ‘ज’ पुन्हा अडला. या वेळी लॅपटॉप एम. जी. रोडच्या एका गल्लीतल्या दुकानात नेला. तिथल्या दादांनी प्लास्टिकची पातळ पट्टी घालून ‘ज’ची कळ अलगद उचलली. खाली कात्रीसारखी उघडझाप करणारी पांढरी क्लिप, तिच्या मधोमध रबराची इवलीशी वाटी आणि त्या वाटीभोवती धुळीत लडबडलेले पिवळे केस, नमदा झाल्यासारखे. कळेच्या कडेला जुन्या स्टिकरचा डिंक अजून चिकट होता. मी म्हटलं, केस नंतरही गेले असतील. तर त्यांनी लॅपटॉप पूर्ण उघडून कीबोर्डची मागची बाजूच दाखवली. माझ्या मॉडेलमध्ये कीबोर्ड वरच्या पॅनेलला स्क्रूने बसवलेला नसतो. प्लास्टिकच्या बारीक खुंट्या वितळवून, चेपून तो कारखान्यातच पक्का केलेला असतो. बदलायचा तर त्या खुंट्या तोडाव्या लागतात, नाहीतर अख्खं पॅनेल नवं टाकावं लागतं. “ताई, एकही खुंटी तुटलेली नाही. पॅनेलवरचे ओरखडेपण तुमचेच ना? कंपनीतून आला तसाच आहे हा.”

त्या जाहिरातवाल्या गृहस्थांना फोन केला तर चोराच्या उलट्या बोंबा. तुमचं मांजर, तुमचे केस, आम्ही काय करणार! काढलेला जुना कीबोर्ड द्या म्हटलं, तर तो भंगारात गेला.

केसांनी मदरबोर्ड शॉर्ट होतो ही शुद्ध थाप आहे. कोरड्या केसातून वीज वाहत नाही. केस आणि धूळ दोनच ठिकाणी नडतात. कळेखाली अडकले तर कळ नीट दाबली जात नाही. पंख्याच्या जाळीत बसले तर हवा कोंडते, लॅपटॉप तापतो आणि मंद होतो. चहा-पाणी सांडणं वेगळं, त्याने खरंच वाट लागते. ‘कीबोर्ड गेला की बोर्ड गेला’ हा प्रश्न आलाच तर शेजाऱ्यांकडचा साधा यूएसबी कीबोर्ड जोडून बघा. त्यावर सगळी अक्षरं नीट उमटली तर दोष बहुतेक कीबोर्डात किंवा त्याला मदरबोर्डशी जोडणाऱ्या पट्टीत आहे, मदरबोर्डचं भय कुणी घालत असेल तर ऐकून सोडून द्या.

आणि साफसफाई म्हणाल तर ती मुळात घरची कामं आहेत. लॅपटॉप बंद करायचा, चार्जर काढायचा, उलटा धरून हलक्या हाताने थोपटायचा. मग रंगकामाचा मऊ ब्रश कळांच्या फटींतून एकाच दिशेने फिरवायचा. कॅमेऱ्याच्या लेन्ससाठी मिळतो तो रबरी फुगा उत्तम. डबाबंद हवेचा स्प्रे वापरत असाल तर डबा उभाच धरा. आडवा-उलटा केला की आतला बर्फगार द्रव थेट कळांवर उडतो. अ‍ॅपल आपल्या मॅकबुकसाठी लॅपटॉप ७५ अंशांत तिरका धरून डावीकडून उजवीकडे हवा मारायला सांगते. पद्धत कुठल्याही लॅपटॉपला चालण्यासारखी आहे. हेअर ड्रायर नको. चिकट डागांना ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही फडक्यावर घेऊन. कळांवर ओतायचं नाही. सुट्ट्या कळा उचकटायचा मोह टाळा. ती क्लिप फार नाजूक असते, आणि स्पेसबार किंवा एंटरखाली बहुधा तारेची दांडीही असते, ती पुन्हा बसवताना नाकी नऊ येतात. सिलिकॉनचं कव्हर केस अडवतं, पण लॅपटॉप मिटताना ते काढून ठेवा, नाहीतर स्क्रीनवर दाब येतो. बोक्याला सांगून उपयोग नसतो, झाकण मिटूनच उठावं.

तरी दुरुस्तीला द्यावाच लागला तर देण्याआधी कीबोर्डचे, खालच्या बाजूचे आणि सिरियल नंबरचे फोटो काढा. टास्क मॅनेजरमध्ये रॅम किती दिसते त्याचाही काढा, कारण कीबोर्डच्या नावाखाली रॅमही हलवता येते. काढलेला भाग परत हवा, हे आधीच बजावून सांगा. ज्याने खरंच बदललाय तो निमूट देतो. कीबोर्ड तपासायला पासवर्ड लागत नाही.

पक्कं बिल न देणं हीच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली अनुचित व्यापारी प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. मी तिथे तक्रार नोंदवली, तिचा क्रमांक, कोरं बिल आणि खुंट्यांचे फोटो त्या गृहस्थांना पाठवले. दुसऱ्याच दिवशी ‘मॅडम, गैरसमज झाला’ म्हणत २,००० परत आले. बाकीच्यांचं विचारलं तर मी ब्लॉक. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही आणि अर्ज ऑनलाइन करता येतो, तेव्हा तोही करते आहे. जाहिरात मात्र चालूच आहे. नाव बदललंय, नंबर तोच, आणि भाव आता १४९ केलाय.