कुलवृत्तांत लिहिणाऱ्यांनी आधी हे वाचावं: फ्लोरिन कुर्ता यांचं 'द मेकिंग ऑफ द स्लाव्ज'

स्लाव लोक, म्हणजे रशियन, पोलिश, सर्ब वगैरेंचे पूर्वज, मूळचे कुठले? युरोपात याचं रूढ उत्तर असं, की आजच्या बेलारूस-युक्रेनमधल्या प्रिपेत नदीच्या दलदलीच्या मुलखातून ते निघाले आणि सहाव्या शतकात डॅन्यूबच्या काठी येऊन थडकले. फ्लोरिन कुर्ता हा प्रवासच मान्य करत नाहीत. जन्म रुमानियातला, १९६५चा. आता ते फ्लोरिडा विद्यापीठात मध्ययुगीन इतिहास आणि पुरातत्त्व शिकवतात. केंब्रिज विद्यापीठाच्या प्रकाशनाने २००१ मध्ये काढलेल्या या पुस्तकाला २००३ साली अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनचं हर्बर्ट बॅक्स्टर ॲडम्स पारितोषिक मिळालं.

मांडणी थोडक्यात अशी. बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, सम्राट जस्टिनियनने (५२७ ते ५६५) डॅन्यूबच्या सरहद्दीवर आणि बाल्कनमध्ये किल्ल्यांची साखळी उभी केली. त्याच काळातला इतिहासकार प्रोकोपियस याने त्यांची लांबलचक यादीच दिली आहे. या बांधकामामुळे नदीच्या उत्तरेकडच्या टोळ्यांचा साम्राज्याशी असलेला व्यवहार आवळला गेला, तिथे मोठेपणासाठी चढाओढ लागली, नवे पुढारी वर आले. बायझंटाइन लेखकांनी या लोकांना 'स्क्लाविनी' या एका नावाखाली गोळा केलं. म्हणजे स्लाव कुठून चालत आले नाहीत, ते सरहद्दीच्या सावलीत घडले.

पुस्तकात सात प्रकरणं आणि समारोप आहे, पण पहिल्यापासून सुरुवात करू नका. पहिलं प्रकरण वांशिकतेच्या सिद्धांताचं आणि स्लाव पुरातत्त्वाच्या राजकारणाचं आहे. नवखा वाचक तिथेच अडकतो. आधी तिसरं (लिखित साधनांत स्लाव कसे दिसतात) आणि चौथं (किल्ले आणि सरहद्द) वाचा, मग पहिल्याकडे या. पाचवं आणि सहावं सर्वांत कष्टाचं आणि सर्वांत मोलाचं. वस्त्रावर लावायच्या धनुष्याकृती पिना आजवर 'स्लाव पिना' म्हणून नकाशावर मांडल्या जात आणि त्या ठिपक्यांवरून स्थलांतराचे बाण काढले जात. कुर्ता त्यांचे नमुने एकमेकांशी ताडून दाखवतात, की त्या दूरदूरच्या मातब्बर घरांमधल्या संबंधांच्या खुणा आहेत. मातीच्या उथळ तव्यांचा भागही चुकवू नका. खापरोळीच्या खापरासारखीच ही भांडी. त्यांवर चपट्या भाकरी भाजत, आणि कुर्ता ती चारचौघांच्या एकत्र जेवणाशी जोडतात.

कोकणात याचा उपयोग काय? आपल्याकडचे कुलवृत्तांत आणि गावांचे इतिहास बहुतेक 'मूळ पुरुष अमुक ठिकाणाहून आला' या वाक्याने उघडतात. उत्तर कोकणचे शिलाहार स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवत. तगर म्हणजे धाराशिवजवळचं तेर. या बिरुदावरून घराणं तेरहून आलं असं सरळ मांडलं जातं. कुर्ता यांची पद्धत लावली तर आधी विचारावं लागतं: हे बिरुद कोणत्या ताम्रपटात, कोणत्या साली, कोणासाठी कोरलं गेलं? हाच प्रश्न दक्षिण कोकणच्या शिलाहार शाखेलाही लागू पडतो. त्या शाखेच्या रट्टराजाचा खारेपाटणचा ताम्रपट शके ९३०चा, म्हणजे इ. स. १००८चा. त्यात वंशावळ सणफुल्लापासून सुरू होते आणि सह्याद्री ते समुद्र हा मुलूख त्याला राष्ट्रकूट कृष्णराजाच्या कृपेने मिळाला असं सांगितलं आहे. सणफुल्ल आठव्या शतकातला, ताम्रपट अकराव्याच्या आरंभाचा. तो पुरावा आधी रट्टराजाच्या काळाचा आहे, मग सणफुल्लाच्या.

उणीव मोठी आहे आणि ती सांगायलाच हवी: भाषा. सरहद्दीवर एक ओळख घडली हे पटतं, पण एकमेकींशी इतक्या जवळच्या भाषा बाल्कनपासून बाल्टिकपर्यंत कशा पसरल्या, याचं समाधानकारक उत्तर इथे नाही. भाषाशास्त्रज्ञांचा आणि मध्य युरोपातल्या अनेक पुरातत्त्वज्ञांचा मुख्य आक्षेप तोच आहे, आणि तो रास्त आहे. सुमारे वीस वर्षांनी कुर्ता यांनी भाषेला मध्ये घेऊन याच विषयावर वेगळं पुस्तक लिहिलं. खोलात जायचं असेल तर दोन्ही लागतील.

घेताना छापील प्रत घ्या. साडेचारशेहून जास्त पानं, तळटीपा दाट, आणि वितरण-नकाशांवरचे आकडे इतके बारीक की मोबाइलवर काहीच कळत नाही. ई-प्रत घेतलीत तर निदान दहा इंची पडदा हवा. रुमानियाचा साधा भौगोलिक नकाशा शेजारी उघडा ठेवा, नाहीतर वालाकिया आणि मोल्दाविया या तिथल्या दोन प्रदेशांतला फरक हरवतो आणि सहाव्या प्रकरणाचा अर्धा युक्तिवाद निसटतो. पावसाळ्यात प्रत भिंतीला टेकलेल्या फळीवर ठेवू नका, बुरशी आधी पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला धरते.