टॉवरच्या हौदातला गाळ आणि दहा सेकंदांचा व्हॉल्व्ह : अकरा महिन्यांनंतर

कूलिंग टॉवरच्या हौदातला गाळ वेगळा करणारा सेपरेटर दसऱ्याला बसवला, आता पोळा झाल्यावर लिहितोय. मे महिन्यात लिहायला बसलो असतो तर नुसत्या शिव्या निघाल्या असत्या.

आमचा सरकीचा छोटा सॉल्व्हंट प्लांट दर्यापूरकडे, खारपाणपट्ट्यात. हेक्झेन या पटकन पेट घेणाऱ्या द्रावणात सरकीतलं तेल उतरवायचं, मग हेक्झेनची वाफ करून ती थंड करून परत मिळवायची. शेजारी जिनिंग, समोर ट्रकचं कच्चं आवार. जे काही उडतं ते कूलिंग टॉवर आत ओढतो, धुतो आणि खालच्या हौदात जमा करतो. आधी वर्षातून दोनदा प्लांट बंद ठेवून चार माणसं फावडं-घमेलं घेऊन उतरायची. मला गाळ दिसायचा तो हेक्झेनच्या बिलात. हेक्झेनची वाफ टॉवरच्याच पाण्यानं कंडेन्सरमध्ये थंड होते. त्याच्या नळ्यांत चिखल बसला की ती पुरती थंड होत नाही, आणि विकत घेतलेलं हेक्झेन व्हेंटमधून हवेत जातं.

म्हणून सेपरेटर घेतला. तो पाणी भोवऱ्यासारखं फिरवतो आणि जड गाळ बुडाशी पाडतो. ताशी शंभर घनमीटर पाणी फिरतं, त्यातलं दहा घनमीटर तीन एचपीचा वेगळा पंप सेपरेटरमधून फिरवतो. साफ झालेलं पाणी हौदाच्या तळाशी पाच इडक्टर नोझलमधून परत येतं. एक लिटर सोडलं की आजूबाजूचं चार लिटर सोबत ढकलतात आणि गाळ पंपाच्या तोंडाकडे लोटतात. मागे दीडेक किलोचा दाब हवा, तो मिळतो. इथपर्यंत तक्रार नाही.

तक्रार आहे ती सेपरेटरच्या बुडाशी साठलेला गाळ बाहेर सोडणाऱ्या मोटरच्या व्हॉल्व्हची. टायमर असा लावून दिलेला की दर अर्ध्या तासाला दहा सेकंद उघडायचा. पहिल्याच आठवड्यात मी आणि आमचा ऑपरेटर बादली घेऊन बसलो. दहा सेकंदांत वीस लिटर. दिवसाला अठ्ठेचाळीस वेळा, म्हणजे जवळजवळ हजार लिटर. दहा दिवसांत दहा हजारांचा एक टँकर गटारात! उन्हाळ्यात आमच्याकडे टँकरवाल्याची मनधरणी करावी लागते, आणि हे यंत्र निवांत पाणी ओततंय. नागपूरहून आलेला सर्व्हिसवाला म्हणाला, टायमर बरोबर आहे. मी तो दोन तासांवर नेला. त्यानं अर्ध्या तासावर आणला. तो गेल्यावर मी पुन्हा दोन तासांवर.

मग जिनिंगचा हंगाम लागला आणि वेगळाच त्रास सुरू झाला. रुई हलकी, ती सेपरेटरच्या भोवऱ्यात खाली बसतच नाही. साफ पाण्यासोबत वरून निघून नोझलच्या तोंडात अडकते. जिनिंगच्या बाजूनं टॉवरला हिरवं शेडनेट बांधून पाहिलं. रुई अडली, पण हवाही अडली आणि पाणी दोन डिग्री गरम यायला लागलं. आठवड्यात सोडून टाकलं.

वाळू चिकटलेली रुई मात्र जड होते आणि तळाला जाते. मे महिन्यात एका रात्री तिचा देवापुढच्या वातीसारखा पीळ झाला आणि तो व्हॉल्व्हमध्ये अडकला. व्हॉल्व्ह अर्धा उघडा राहिला. बोअरची लाईट गेलेली, वरची टाकी संपलेली. पहाटे तीनला हौद तळाला लागला आणि मोठा पंप हवा ओढायला लागला. रात्रपाळीच्या पोरानं सगळ्यात आधी वाफ बंद केली म्हणून निभावलं. हेक्झेनच्या प्लांटला कूलिंगचं पाणी बंद होणं म्हणजे काय, ते इथे सांगत बसत नाही.

कंपनीचं उत्तर : व्हॉल्व्हची सीट, म्हणजे तो ज्यावर घट्ट मिटतो ती कडा, कापली गेलीय, बाहेरच्या कचऱ्यामुळे, वॉरंटीत बसत नाही. पंपाआधीची जाळी ग्राहकानं लावायची, असं कोटेशनच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होतं. होतं खरं. पण कापसाच्या मुलखात माल विकताना हे तोंडानं सांगायला काय झालं होतं?

याच भांडणात मी टँकरचा हिशेब पुन्हा मांडत होतो, तेव्हा ऑपरेटर म्हणाला, "भाऊ, ते पानी तं आपन तसंबी सोडतोच नं!"

मी गप्पच झालो. बोअरचं पाणी खारं. टॉवरमधून रोज चोवीसेक हजार लिटर वाफ होऊन जातं आणि क्षार मागे राहतात. हौदातला खारटपणा बोअरच्या तिपटीवर जाऊ नये म्हणून रोज बारा हजार लिटर खारं पाणी मुद्दाम बाहेर सोडतो, त्याला ब्लोडाऊन म्हणतात. मी ज्या हजार लिटरसाठी सहा महिने भांडलो, ते त्या बारातच धरता येत होतं. ब्लोडाऊनचा कॉक तेवढा कमी केला आणि हिशेब जुळला. उलट टायमर दोन तासांवर नेऊन बुडाशी गाळ आणि रुई साठू दिली ती मीच. टायमरबद्दलचे माझे शब्द मागे घेतो, जाळीबद्दलचे नाही.

आता पंपाआधी स्टीलची टोपली-जाळी आहे, पाळीत एकदा झटकायची. ब्लोडाऊनचं पाणी आवारात शिंपडतो. तीच धूळ टॉवरमध्ये जात होती, ती थोडी तरी दबते. झाडांना घालायचं नाही, खारं आहे.

पोळ्यानंतर हौद रिकामा करून पाहिला. पूर्वी पिंडरीपर्यंत चिखल असायचा, आता तळाचं सिमेंट दिसत होतं. फक्त ईशान्येच्या खांबामागे घोटाभर गाळ. पाचवं नोझल थोडं वळवलंय. पावसाळ्यात पाणी अजूनही चहासारखं दिसतं. कॅटलॉगातले ९८ टक्के हे ७४ मायक्रॉनच्या वरच्या, वाळूसारख्या जड कणांचे. आपल्या काळ्या मातीची चिकण दोन मायक्रॉनच्याही खाली, ती या यंत्राला सापडायची नाही. जेवढी जाईल तेवढी ब्लोडाऊनमधूनच.

नवी सीट अजून आलेली नाही. मोटर काढून ठेवलीय. ऑपरेटर दर अर्ध्या तासाला हातानं व्हॉल्व्ह उघडतो आणि धान्य मोजल्यासारखा मोजतो : लाभ, दोन, तीन… दहा झाले की बंद.