आरशाची टोपी, अडसराची नळी आणि बोअरस्कोप कॅमेरा: सात महिन्यांनंतर

कालपासून माझ्या बोअरस्कोप कॅमेऱ्याची आरशाची टोपी पुन्हा गायब आहे. सात महिन्यांत तिसऱ्यांदा. नळीत कॅमेरा घालून पाहिलं, तिथे नाही. म्हणजे गच्चीवर पडली आणि पन्हळीतून खाली गेली असणार. त्या रागात लिहायला बसलोय, हे आधीच सांगून ठेवतो.

बोअरस्कोप म्हणजे वायरीच्या टोकाचा बारीक कॅमेरा, अरुंद जागेत सोडायचा आणि मोबाइलवर आतलं बघायचं. साडेपाच मि.मी.चं डोकं, पुढे सहा दिवे, टाइप-सी, पाच मीटरची ताठ वायर. दसऱ्याच्या सेलमध्ये मला 1,640 ला पडला. सोबत आत पडलेलं ओढून काढायला एक आकडा, एक लोहचुंबक आणि बाजूचं बघायला तिरक्या आरशाची प्लास्टिकची टोपी. याच कॅमेऱ्याला मी डिसेंबरात एक तारा देऊन चार ओळी खरडल्या होत्या. तो एक तारा आज मागे घेतोय. आरशाबद्दलचं मात्र सगळं कायम.

मी हा गाडीच्या इंजिनसाठी किंवा तुंबलेल्या मोरीसाठी घेतला नाही. आमच्या जुन्या घराच्या दाराला एक लोखंडी अडसर होता. माझ्या आज्ज्याच्या आधीपासून. दर खंडेनवमीला मागाच्या धोट्याशेजारी, पाना-हातोडीशेजारी त्याचीही पूजा व्हायची. का, ते कुणी सांगितलं नाही. घर पाडलं तेव्हा तो माझ्याकडे आला. गेल्या खंडेनवमीला धुताना पाहिलं तर एका टोकाला बारीक भोक, दुसरं टोक मातीने बुजलेलं, आणि वर माशीसारखा एक उंचवटा. माशी म्हणजे बंदुकीच्या तोंडाशी नेम धरायला असते ती. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला की आपण तीन पिढ्या ठासणीच्या बंदुकीच्या नळीने दार लावत होतो.

घरात असं काही निघालं तर कॅमेरा मागवायच्या आधी पोलीस ठाण्यात जा. मी फोटो लावून अर्ज दिला, नळी दाखवली, नोंद झाली. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 45 मध्ये जुन्या धाटणीच्या आणि दुरुस्त करूनही चालू न होणाऱ्या हत्यारांना सूट आहे. माझ्या नळीचा निपल (ठिणगी आत पोचवतो तो) बसायचा कानच तुटून गेलेला आहे. तरी ते आपण घरी ठरवायचं नसतं. आणि माझं सगळं काम गंज थांबवण्यापुरतं आहे, तिच्यातून बार काढण्यासाठी नाही. अमेरिकेतल्या पुतण्याने "काका, माझ्या हॉलमध्ये लावतो, पाठवा" म्हटलं, त्यालाही सांगितलं की 1972 च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांपुढच्या वस्तू अशा पाठवता येत नाहीत. तो म्हणाला, कुरिअरवाल्याला पाइप म्हणून सांगा. हा इंजिनिअर आहे.

दुसरी गोष्ट, जुनी नळी रिकामी आहे असं कधीच धरायचं नाही. ठासून ठेवलेली बंदुकीची दारू शंभर वर्षं कोरडी राहिली तर शंभर वर्षं दारूच राहते. तोंड माझ्याकडे न करता माती कोरली, लाकडी गज आत घातला, तोंडाशी खूण केली आणि मग तोच गज नळीला बाहेरून लावून पाहिला. नळीचं मागचं टोक बंद करणारं बूच आत येतं तेवढा इंचभराचा फरक राहायला हवा. माझा गज तीन इंच आधीच अडला. पाणी भरून नळी दोन दिवस उभी ठेवली, कारण पाण्यात सोरा विरघळतो आणि दारूचा चिखल होतो. पाणी ओतून टाकलं तरी गज तिथेच. मग कॅमेरा आत सोडला.

इथे या कॅमेऱ्याला पहिले पूर्ण गुण. पडद्यावर तळाशी मातीची कोठडी आणि तिच्यात वाळलेला किडा. कुंभारीण माशीने घर केलं होतं. दारू नाही, शिसं नाही. गजाला खिळा बांधून अर्ध्या तासात सगळं बाहेर. आई शेजारी बसून मोबाइलमध्ये बघत होती. "ह्या काठीच्या पोटात इतकं होतं व्हय," म्हणाली.

आता लोहचुंबकाबद्दल. ज्याने तो खोक्यात टाकला त्याने कधी लोखंडी नळीत कॅमेरा घातलेला नाही. आत गेला की भिंतीला चिकटतो, पुढे जात नाही, मागे येत नाही. पहिल्याच दिवशी काढून ठेवला. आकडा मात्र कामाचा, आणि त्याचं पहिलं काम होतं आरशाची टोपी बाहेर काढणं.

कॅमेरा समोर बघतो आणि तीन सें.मी.च्या आतलं त्याला धूसर दिसतं. नळी आतून पावणेदोन सें.मी.ची सुद्धा नाही. म्हणजे भिंत बघायची तर आरसाच लागणार. हा आरसा नुसता दाबून बसतो. आटे नाहीत, खटका नाही, खाच नाही. गंजलेल्या नळीत दीड वीत गेला की कुठेतरी घासतो, गळून पडतो, आणि तुम्ही वायर बाहेर ओढता तेव्हा टोपी आत बसून तुमच्याकडे बघत असते. चौदा हजार मागांचे सुटे भाग माझ्या दुकानातून गेले असतील, दीड रुपयाच्या वॉशरला सुद्धा खाच असते. कस्टमर केअरला फोन केला तर मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, ती ऍक्सेसरी कॉम्प्लिमेंटरी आहे." म्हणजे फुकट दिलेलं पडणारच. मी म्हटलं, मग फुकटची अजून एक पाठवा. ते होत नाही. अख्खा कॅमेरा बदलून मिळेल, टोपी नाही.

मी अख्खा कॅमेरा बदलून घेतला. पण आरशासाठी नाही, आणि इथेच माझी चूक आहे.

नळी तोंडापासून बुचापर्यंत मोजली तर 39 इंच. पुढच्या माशीची बैठक चौकोनी, संगीन अडकवायची तीच खुंटी. या दोन गोष्टींवरून शोधत गेलं की माणूस एकाच ठिकाणी पोचतो, 1853 ची एन्फिल्ड. तीच, जिच्या काडतुसांवरून 1857 पेटलं. बुचाजवळ टॉर्च आडवा धरला आणि खडू चोळला तेव्हा मुकुट आणि त्याखाली एकमेकांना छेदणारे दोन दंड उमटले, इंग्रजी प्रूफची, म्हणजे नळी तपासून पास केल्याची, खूण. मी हवेत. जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत सगळ्या पेठेला सांगून झालं होतं.

एन्फिल्ड म्हणजे रायफल. नळीत तीन आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या पिळाच्या खाचा, आणि त्यांचा वेढा 78 इंचाला एक. म्हणजे 39 इंचांच्या नळीत बरोबर अर्धा वेढा, इतका संथ की खाचा जवळजवळ सरळच दिसणार. मी आरसा लावून, दिवे कमी-जास्त करून, वायर एकेक इंच सरकवून आटे शोधत बसलो. काही नाही. खड्डे, खपल्या, पुन्हा खड्डे. महिनाभर हेच. दिवे डोळ्यावर येतात, फोकस नाही, रिझोल्यूशन डब्यावरच आहे, असं सगळं मी त्या एक-तारा मजकुरात लिहिलं. बदलून आलेल्या कॅमेऱ्यातही आटे दिसेनात, तेव्हा कंपनीचा सगळा लॉटच खराब ठरवून मोकळा झालो.

मध्ये गंज काढला, तो कॅमेऱ्याचा विषय नाही, पण बरेच जण विचारतात म्हणून सांगतो. सँडपेपर, ग्राइंडर, ऍसिड काही लावू नका. खुणा गेल्या की नळी मुकी होते. मी नळीच भांडं म्हणून वापरली. तुटल्या कानाचं भोक रबराने बुजवलं, नळी गच्चीवर उभी केली, आत धुण्याच्या सोड्याचं पाणी, मधोमध लोखंडी सळई, सळईला रबरी रिंगा घातल्या म्हणजे ती भिंतीला टेकत नाही. सळई चार्जरच्या प्लसला, नळी मायनसला. उलटं केलंत तर नळीच विरघळेल. स्टेनलेस स्टीलची सळई घेऊ नका, तिच्यातल्या क्रोमियमचं विष होतं. आणि हे मोकळ्या हवेतच, कारण हायड्रोजन निघतो. चार्जर जुना, ट्रान्सफॉर्मरवाला लागतो. नवे शहाणे चार्जर "बॅटरी नाही" म्हणून बंद पडतात. माझा दुकानातला 12 व्होल्टचा ठोकळा तीस वर्षांचा आहे, त्याने विचारलं नाही. तासाभरात तोंडातून काळा फेस यायला लागला. आईने वाटीत धरून बघितला आणि लांब ठेवला.

बाहेरचा तांबूस गंज उकळून काळा केला. उकळत्या पाण्यात लाल गंजाचा काळा होतो, मग बारीक लोखंडी लोकरीने हलकं पुसायचं, पुन्हा उकळायचं. 39 इंच लांब भांडं कुणाच्या घरी असतं? पत्रेवाल्याकडून पन्हळ वाकवून घेतली, दोन शेगड्यांवर ठेवली. त्याने 350 घेतले. आमच्याकडे नळाला पाणी पाच दिवसांआड, त्यामुळे पाच वेळा उकळायचं होतं ते तीनदाच झालं, आणि तेच पाणी नंतर झाडांना घातलं. शेवटी शिलाई मशीनचं तेल. घडीव लोखंड आहे, पोलाद नाही, त्यामुळे साफ झाल्यावर अंगावर लाकडासारख्या रेघा दिसतात. त्या रेघांसाठी मी पुन्हा एकदा एवढा खटाटोप करीन.

आता पुन्हा आटे. मार्चमध्ये पुतण्याने तिकडच्या एका एन्फिल्डचा फोटो पाठवला. आई चष्मा लावून बघत होती. "ह्याच्यावर ही शिडी कसली? आपल्याला कुठाय?" एन्फिल्डच्या मागच्या नेमाला उभी होणारी शिडी असते, शेकडो यार्डांचे आकडे असलेली. आमच्या नळीवर तिथे एक साधा ठोकळा आहे, मधे एक खाच. मी तो सात महिन्यांत शंभर वेळा पुसला असेल.

व्हर्नियर (जाडी-व्यास मोजायचा) माझ्या काउंटरवर पडलेला असतो. त्याच रात्री तोंडाशी लावला. एन्फिल्डची नळी आतून .577 इंच, म्हणजे 14.7 मि.मी. भरायला हवी. माझी 16.9. तोंड झिजलेलं असतं म्हणून खात्रीसाठी सकाळी शेजारच्या लेथवाल्या अण्णांकडे गेलो. त्यांनी नायलॉनचे दोन बुश (गोल कड्या) काढून दिले, 14.5 मि.मी.चा आणि 16.5 चा. गजाला लावून आत घातले. पहिला खुळखुळला. दुसरा तोंडापासून बुचापर्यंत कांडीसारखा सरसर गेला, कुठे अडखळ नाही, कुठे वळण नाही. अण्णा म्हणाले, "ह्यात आटे नाहीतच हो. तुम्ही काय शोधत होता इतके महिने?"

1857 नंतर इंग्रजांनी ठरवलं की हिंदी पलटणींच्या हातात आता रायफल द्यायची नाही. 1858 चा नमुना काढला, एन्फिल्डच्याच नळ्या आतून कोरून .656 इंच केल्या, म्हणजे 16.66 मि.मी. आटे साफ गेले, शिडीही गेली, कारण बिनआट्याच्या बंदुकीने शंभर यार्डांपुढे नेम धरून उपयोग नसतो. कोरल्यामुळे नळीची भिंत पातळ झाली, म्हणून 1859 च्या नमुन्यात मुद्दाम जाड भिंतीच्या नळ्या घडवल्या. माझ्या नळीची भिंत तोंडाशी इतकी पातळ आहे की ती पहिल्यातली, कोरलेली, असं मी धरतो.

म्हणजे कॅमेरा खरं सांगत होता. आटे नव्हते, ते दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी हिशेबाने काढून टाकले होते, आणि मी लेन्सला शिव्या देत होतो. त्या कस्टमर केअरच्या मुलीशीही मी बरा बोललो नव्हतो. आणि हेही खरं की ज्या गोष्टीसाठी 1,640 घातले ती व्हर्नियरने दोन मिनिटांत कळली असती. नायलॉनच्या बुशचे अण्णांनी चाळीस रुपये घेतले.

तर तारे. माशीचं घर दाखवलं, बुचाची आतली बाजू दाखवली, गंज काढण्याआधीचे आणि नंतरचे खड्डे फोटोत शेजारी शेजारी ठेवता आले, सात महिन्यांत वायर एकदाही दगावली नाही. ॲप लोकेशन मागतं, द्यायचं नाही, तरी चालतं. साडेतीन देतो. चार दिले असते.

कुणाला साडेपाच मि.मी.च्या डोक्यावर बसणारी आरशाची टोपी सुटी कुठे मिळते माहीत असेल तर कळवा. अख्खा संच घ्या म्हणू नका. आणि ज्यांच्याकडे ती अजून आहे त्यांनी आत घालण्यापूर्वी टेफ्लॉन टेपचे दोन वेढे द्या.