स्क्रॅच ज्युनियर: भोपळा पळतो, चिमणी अडते

चित्रांचे ठोकळे जोडून पडद्यावरची पात्रं हलवायची, म्हणजे प्रोग्रॅमिंगची तोंडओळख करून देणारं, पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठीचं हे फुकट ॲप 2014 मध्ये आधी आयपॅडवर आलं, मग अँड्रॉइडवर. टफ्ट्स विद्यापीठ, एमआयटी मीडिया लॅब आणि प्लेफुल इन्व्हेन्शन कंपनी यांनी मिळून केलेलं. ठोकळ्यांवर शब्द नाहीत, नुसती चित्रं आणि आकडे. त्यामुळे अजून बाराखडी गिरवणारं मूलही अडत नाही. एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही. गुहागर ते देवगड पट्ट्यात पावसाळ्यात रेंज आणि वीज जोडीनेच जातात, तेव्हा हे फार सोयीचं. टॅब तेवढा आदल्या रात्री चार्ज करून ठेवा.

पहिली गोष्ट म्हातारी आणि भोपळ्याचीच घ्या. 'टुणुक टुणुक' म्हणजे निळ्या गटातले दोन ठोकळे: उडी आणि उजवीकडे सरक. उडी जागच्या जागी पडते, म्हणून सरकण्याचा ठोकळा विसरला की भोपळा तिथेच नाचत राहतो. सरकण्यावर 3 घाला, दोन्ही ठोकळे नारिंगी 'पुन्हा पुन्हा'च्या पोटात ठेवा आणि त्यावर 5 लिहा. भोपळा 15 घरं, म्हणजे पडद्यावरच्या 15 चौकटी, जातो. पडदा 20 घरं रुंद आहे. 5 ऐवजी 7 लिहिलं तर 21 घरं होतात आणि भोपळा उजवीकडून बाहेर पडून डावीकडून परत येतो, निघाला होता त्याच्या एक घर पुढे. पोरं खिदळतात, पण असं का झालं हे चौकटी दाखवणारं बटण दाबून बोटाने मोजायला लावा. दिवसभराच्या शिकवण्यातली हीच पाच मिनिटं खरी.

वाघ अडवतो तिथे भोपळ्याला पिवळा 'धडक' ठोकळा आणि त्याला जोडून 'थांब' द्या. एका प्रकल्पात पानं चारच मिळतात: घर, जंगल, लेकीचं घर, पुन्हा जंगल. म्हातारी घरी पोचते ते तोंडीच सांगायचं.

चिमणी-कावळ्याची गोष्ट सोपी वाटते आणि तिथेच गाडं अडतं. कावळ्याचं 'दार उघड' तेच राहतं, चिमणीचं उत्तर मात्र दरवेळी बदलतं. ते 'पुन्हा पुन्हा'त कोंबलं की चिमणी बाळाला चार वेळा आंघोळच घालत बसते. बदलती गोष्ट लक्षात ठेवायची सोय या ॲपमध्ये नाही. त्यामुळे आंघोळ, तीट, झोप ही उत्तरं वेगवेगळ्या रंगांच्या लिफाफ्यांनी, म्हणजे निरोपाच्या ठोकळ्यांनी, जोडावी लागतात: एकाने निरोप पाठवला की दुसऱ्याचे ठोकळे सुरू होतात. दोघांनाही हिरवा झेंडा, म्हणजे सुरुवातीचा ठोकळा, लावला तर दोघं एकदमच बोलतात. मुलं मग घड्याळाच्या ठोकळ्यात, म्हणजे 'थोडा वेळ थांबा'मध्ये, अंदाजे आकडे भरतात. तिथे 10 म्हणजे एक सेकंद, दहा नव्हे. ही गोष्ट दुसरीच्या वर्गासाठी ठेवा.

सगळ्यात जास्त होणारी चूक साधी आहे: कावळ्याचे ठोकळे चिमणीच्या पाटीवर लावले जातात, कारण डावीकडे आधी पात्र निवडायचं राहून जातं. उपाय जमिनीवर करावा. पुठ्ठ्याची आठ कार्डं कापा, एक मूल कावळा, एक चिमणी, आणि प्रत्येकाने आपापली कार्डं आपल्यासमोरच मांडायची. टॅब त्यानंतर, दोघांत एक.

आवाज भरायची सोय चांगली आहे, पण पत्र्याच्या छपराखाली पाऊस असताना कावळ्याऐवजी पाऊसच ऐकू येतो. आणि प्रकल्प त्या टॅबमध्येच साठतात. जागा करायला कुणी ॲप काढून टाकलं, की भोपळाही गेला.