हाड न जुळणाऱ्यांसाठी ‘ग्रोथ फॅक्टर’ उपचार: राजारामपुरीतील एका दवाखान्याचा अनुभव

नडगीत रॉड बसवून कित्येक महिने उलटले तरी धाकट्या भावाचे हाड जुळेना, म्हणून आम्ही कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका खासगी अस्थिरोग दवाखान्यात गेलो. तेथील सल्ला उत्तम आहे, माहितीपत्रक मात्र दिशाभूल करणारे आहे.

पत्रकात पीआरपी आणि बीएमपी (नवे हाड तयार व्हायला चालना देणारी प्रथिने) एकाच मथळ्याखाली छापले आहेत. पीआरपी म्हणजे रुग्णाचेच रक्त यंत्रात फिरवून काढलेला प्लेटलेटयुक्त द्रव. त्यात पीडीजीएफ, टीजीएफ-बीटा असे वाढीचे घटक असतात खरे, पण त्यांचे प्रमाण दर रुग्णागणिक बदलते आणि न जुळलेले हाड त्याने जुळतेच, असा भक्कम पुरावा नाही. बीएमपीमागचे संशोधन अधिक खोल आहे. खनिजे काढून टाकलेले हाड स्नायूत ठेवल्यास तेथे नवे हाड तयार होते, हे मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये दाखवले. त्या प्रथिनांपैकी बीएमपी-२ पुढे कृत्रिमरीत्या तयार करून कोलॅजनच्या स्पंजातून जखमेत ठेवले जाऊ लागले. नडगीच्या उघड्या (कातडी फाटून जखम हाडापर्यंत गेलेल्या) फ्रॅक्चरच्या ४५० रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २००४ मध्ये अमेरिकेने त्या वापरास मान्यता दिली. मात्र ती ताज्या, उघड्या फ्रॅक्चरसाठी होती. भावाचे फ्रॅक्चर बंद आणि जुने. मानेच्या मणक्यात बीएमपी वापरल्यावर धोकादायक सूज आल्याने २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने इशारा दिला होता, याचा पत्रकात उल्लेखही नाही.

हे सारे आम्ही विचारले तेव्हा डॉक्टरांनी न चिडता, एक्स-रे समोर धरून उत्तरे दिली. रॉड ढिला असेल, जंतुसंसर्ग असेल किंवा रक्तपुरवठा कमी पडत असेल, तर वरून कितीही घटक घातले तरी उपयोग नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी आधी रक्ततपासण्या लिहून दिल्या, तंबाखू बंद करायला सांगितले (तालमीत वाढलेल्या आमच्या भावाला हेच सर्वांत जड गेले) आणि जाड रॉड बदलून बसवणे, गरज पडल्यास कमरेच्या हाडाचा कलम लावणे, हा मार्ग सुचवला. महागडे इंजेक्शन गळ्यात न मारणारा डॉक्टर भेटणे ही मोठी गोष्ट आहे.

खर्चाचा अंदाज मात्र एकरकमी सांगतात. पीआरपीचा आकडा वेगळा मागून घ्यावा. आम्ही मागितला तेव्हा लगेच लिहून दिला आणि तो वगळूनही शस्त्रक्रिया होते, हेही काउंटरवरच कळले.