१४ महिने, १९,४०० किलोमीटर : मोठ्या सेडानचा खर्च मी टाक्यांमध्ये मोजतो

मंगळवारी सकाळी गाडीजवळ गेलो तर पुढची डावी बाजू खाली बसलेली. रात्री उभी केली तेव्हा चाक आणि फेंडरच्या मध्ये चार बोटं जात होती, सकाळी एकसुद्धा जाईना. स्टार्टर दाबला, खालून कॉम्प्रेसर घरघरला आणि गाडी हळूहळू वर आली. डॅशबोर्डवर एक दिवासुद्धा पेटला नाही. या वर्षभराचा अनुभव लिहायचं बरेच दिवस मनात होतं, त्या सकाळी लिहायलाच बसलो.

गाडी तीन लिटर, सहा सिलेंडर पेट्रोल, ४८ व्होल्ट माइल्ड हायब्रिड, म्हणजे इंजिनाला हातभार लावणारी छोटी इलेक्ट्रिक मोटर, आणि एअर सस्पेन्शन, म्हणजे गाडी लोखंडी स्प्रिंगऐवजी कॉम्प्रेसरने भरलेल्या हवेवर तोललेली. तीन वर्षं जुनी, ५२,००० चाललेली घेतली. नव्या गाडीची किंमत पहिल्या वर्षांत जी धाडकन उतरते, तो भुर्दंड पहिल्या मालकाने सोसला. माझ्या दृष्टीने या व्यवहारातली सगळ्यात मोठी बचत हीच.

घेताना प्रत्येकाने पेट्रोलची भीती घातली. पांढरा हत्ती पोसतोयस म्हणाले. म्हणून पहिल्या दिवसापासून वही ठेवली. शक्यतो एकच पंप, नोझल पहिल्यांदा कट झालं की थांबायचं, लिटर आणि किलोमीटर तिथेच लिहायचे. आजवर १९,४०० किलोमीटरला १,९८० लिटर, म्हणजे अॅव्हरेज ९.८. गाडीची स्क्रीन त्याच अंतराला १०.६ दाखवते. हा फरक मला फार खुपतो. स्क्रीनवर विश्वास ठेवला तर जवळजवळ दीडशे लिटर पेट्रोल हिशेबातच येत नाही, आणि माझी टाकी ७० लिटरची आहे. अॅव्हरेज सांगताना कुणी स्क्रीनचा फोटो दाखवला तर मी तो धरत नाही.

शहरातल्या तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांना ही गाडी ५ च्या वर जात नाही. इंजिन गरम होण्याआधीच आपण पोहोचलेले असतो, आणि थंड इंजिन पेट्रोल जास्तच मागतं. कंपनीचा डब्ल्यूएलटीपी आकडा (प्रयोगशाळेतल्या ठरावीक चाचणीतलं अॅव्हरेज) मात्र २३ अंश तापमानात, एसी बंद ठेवून, २३ किलोमीटरच्या चाचणीवर काढलेला असतो. तो आणि आपला आकडा जुळत नाही म्हणून इंजिनाला दोष देण्यात अर्थ नाही.

हायवेवर मात्र गाडीने मला जिंकलं. ताशी १०० च्या आसपास एकसारखी चालवली तर १४ च्या वर देते. वरच्या गिअरला इंजिन इतकं सावकाश फिरतं की आवाज शोधावा लागतो. उतारावर पाय उचलला की इंजिन चक्क बंद होतं, टॅकोमीटरचा काटा खाली येतो आणि दोन टनांची गाडी गुपचूप वाहत राहते. ही गोष्ट मी इतक्या वेळा अनुभवली तरी अजून तितकीच आवडते. तोच रस्ता १३० ने कापला तेव्हा अॅव्हरेज ११ च्या खाली आलं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे १०० वरून १३० ला गेलं की जवळपास ७० टक्के जास्त. पोहोचायला वीसेक मिनिटं कमी लागली, त्यासाठी एवढं जाळणं मला पटत नाही.

म्हणजे पेट्रोलची तक्रार नाही. आता बाकीचं. मी सगळे खर्च फुल टाकीच्या किमतीत मांडतो, त्याने डोकं ठिकाणावर राहतं. १४ महिन्यांत पेट्रोल सुमारे २८ टाक्या. मागचे दोन टायर सहा टाक्या. ते पुढच्यांपेक्षा रुंद असल्याने पुढे-मागे अदलाबदल करता येत नाही, झिजले की बदलायचेच. शिवाय रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे टायर, त्यामुळे स्टेपनी नाही. पंक्चर झालं की ८० च्या वेगाने जास्तीत जास्त ८० किलोमीटर, आणि तसा हवेविना चालवलेला टायर दुरुस्त करायला बहुतेक जण तयार होत नाहीत. सर्व्हिस, ब्रेक पॅड, बॅटरी मिळून सात टाक्या. बॅटरी नुसती बसवून भागत नाही, नवी बसवल्याचं गाडीच्या कॉम्प्युटरलाही कळवावं लागतं.

आणि मग ही खाली बसलेली बाजू. सर्व्हिस सेंटरने अर्ध्या तासात सांगितलं, पुढचे दोन्ही एअर स्ट्रट (चाकावर गाडी तोलणारे हवेचे खांब) आणि कॉम्प्रेसर बदला. कोटेशन २६ टाक्यांचं! १४ महिन्यांत जेवढं पेट्रोल जाळलं, जवळपास तेवढंच. हवा नेमकी कुठून जाते ते दाखवा म्हटलं, तर "सर, हे असेंब्लीच बदलतात" एवढंच उत्तर. तीनदा विचारलं, तीनदा तेच. त्या दिवशी मी इथे लिहून ठेवलं होतं की एअर सस्पेन्शनची गाडी वॉरंटीबाहेर कुणी घेऊ नये.

ते वाक्य आता मागे घेतो. पुढच्या आठवड्यात एका मेकॅनिकने बोनेट उघडून डाव्या स्ट्रटच्या माथ्यावर साबणाचं पाणी मारलं. आम्ही दोघं वाकून बघत होतो. स्ट्रटमधली हवेची रबरी पिशवी, म्हणजे बेलो, कोरडी ठणठणीत. हवेची बारीक काळी नळी जिथे पितळी फिटिंगमध्ये शिरते, तिथे मोहरीएवढा एक बुडबुडा आला, फुगला, फुटला, परत आला. त्याने नळीचं टोक थोडं कापलं, नवं फिटिंग लावलं. खर्च अर्ध्या टाकीपेक्षाही कमी. त्यानंतर बारा दिवस रोज सकाळी चाकाच्या मध्यापासून फेंडरपर्यंत टेपने मोजतोय, दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नाही.

या सस्पेन्शनमध्ये लीक बारीक असतानाच पकडला पाहिजे. हवा जात राहिली की ती भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा चालतो, तापतो आणि शेवटी जळतो. रबराचे बेलो कधीतरी तडकणारच, पण म्हणून आधी लीक न शोधता २६ टाक्यांचं कोटेशन हातात देणं मला अजिबात मान्य नाही. तुमची गाडी बसली तर साबणाचं पाणी समोर मारून दाखवायला सांगा.

गिअरबॉक्सचंही तेच. ऑइल 'लाइफटाइम' आहे, बदलायचं नसतं, असं काउंटरवर सांगतात. आठ गिअरचा गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ मात्र ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला बदला म्हणते. माझी गाडी आता ७१,४०० वर आहे. ऑइलसाठी चार टाक्यांचे पैसे बाजूला काढलेत. कॉम्प्रेसर किती दिवस जास्तीचा चालला ते कळायला मार्ग नाही, त्याच्या नावाने आणखी आठ.